फुगा आतल्या बाजूला

मित्रांनो, जुन्या टायरकडे कोणी वळून पाहत नाही. मीही तसाच एक जुना टायर आहे. माझ्या अंगावरची नक्षी झिजून गेली आहे आणि काळा रंग राखेसारखा फिका पडला आहे. तरीही एक गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही. ती तुम्हाला सांगितली म्हणजे कदाचित थोडे हायसे वाटेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तुम्हाला वाटत असेल, टायर म्हणजे नुसते रबर. तसे नाही. आधी पक्क्या धाग्यांचे कापड आणि पोलादाच्या बारीक तारा एकावर एक गुंडाळल्या गेल्या. तो माझा सांगाडा. त्यावर रबर चढले, तो माझा अंगरखा. मग तापलेल्या साच्यात मला असे दाबले, की बाहेर आलो तेव्हा अंगावर नक्षी उमटली होती आणि सगळीकडे रबराचे बारीक बारीक केस होते. रस्ता धरून ठेवायचा तो अंगरख्याने, पण हवा पेलायची ती धाग्यांनी. एवढे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे सगळे कळेल.

टायरला एका जागी बसवत नाही. दुकानाच्या मांडणीवर मी काही महिने काढले, तेव्हा समोरून जाणारी प्रत्येक गाडी पाहून माझा जीव वर-खाली होई. शेवटी एक दिवस मला उतरवले आणि एका छोट्या पांढऱ्या गाडीला लावले. पुढचे डावे चाक. गाडीच्या टपावर पाटी होती आणि तिच्यावर ‘शिकाऊ’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. शेजारचा उजवा टायर माझ्याच वयाचा होता. त्याने मला हळूच सांगितले, की आपले नशीब काही खरे नाही.

गाडी होती एका बाईंची. त्या लोकांना गाडी चालवायला शिकवत. सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. पन्नाशी उलटलेली, आखूड पिकलेले केस, पायात कापडी बूट. पूर्वी त्या एका कार्यालयात टंकलेखन करत. ते काम गेल्यावर त्यांनी साठवलेल्या पैशांतून ही गाडी घेतली. त्यांच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच बसवलेले होते. घरी त्या आणि त्यांची म्हातारी आई. दोघींचे पोट या एका गाडीवर चाले. गाडी चालवण्यात बाईंचा हात धरणारे कोणी नव्हते. पण गाडीच्या पोटातले त्यांना फारसे कळत नसे आणि ते कबूल करायची त्यांना लाज वाटे. चारचौघांना गाडी शिकवणारी बाई, तिने टायरवाल्याला ‘हे काय असतं हो?’ असे कसे विचारायचे? मित्रांनो, पुढचे सगळे रामायण या लाजेतून घडले.

पण आधीचे दिवस मजेत गेले. शिकणारे एकापेक्षा एक. एक शिंपी होता, त्याचा पाय ब्रेकवर शिवणयंत्राच्या पायटीसारखा हलत राही आणि गाडी टाके घालत चाले. एक गृहस्थ वळण आले की डोळे मिटून घेत. एक मुलगी रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाला ‘सॉरी’ म्हणे. या सगळ्यांचा राग फूटपाथच्या दगडी कडेवर निघे. म्हणजेच माझ्यावर, कारण कडेच्या बाजूला मी. संध्याकाळी बाई ओल्या फडक्याने माझे अंग पुसत आणि म्हणत, ‘आज फार सोसलंस रे बाबा.’ तेवढ्याने माझा सारा शीण जाई.

मग एक दिवस मला खिळा लागला. वेदना झाली, पण टायरच्या आयुष्यात हे चालायचेच. बाईंनी गाडी बसथांब्याजवळच्या मोठ्या दुकानात नेली. दुकानदार गोरागोमटा, सदा हसतमुख. त्याचे बोलणे इतके गोड, की लोकांनी त्याचे नाव साखरशेठ ठेवले होते. त्याने बाईंना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, आईच्या गुडघेदुखीची चौकशी केली. मग मला काढून आत, पडद्याआडच्या खोलीत नेले.

तिथे काय घडले ते फक्त मला माहीत आहे. त्याने खिळा उपटला. मग खिशातून टोच्या काढला आणि माझ्या अंगात आणखी दोनदा खुपसला. शांतपणे, शीळ वाजवत. मला कळेना, की हा माझा डॉक्टर आहे की कोण. मग पाण्यात बुडवून त्याने तिन्ही जागचे बुडबुडे बाईंना बोलावून दाखवले.

“तीन ठिकाणी लागलाय, बाई. वेळेवर आलात म्हणून वाचला.”

बाईंनी तीन पंक्चरचे पैसे दिले आणि वर आभार मानले. मी ओरडत होतो, पण टायरचा आवाज म्हणजे हवा, आणि ती तर त्याने नुकतीच कोंबून भरली होती. त्या दिवसापासून बाईंनी ठरवून टाकले, की साखरशेठ म्हणजे आपला माणूस.

पुढे काही महिन्यांनी शिंप्याची परीक्षा जवळ आली. गाडी वळवून मागे घेताना तो गोंधळला. ब्रेक समजून त्याने भलतेच पेडल दाबले आणि दुभाजकाच्या टोकदार कोपऱ्यावर मी जोरात आदळलो. बाईंनी गाडी लगेच थांबवली. बाहेरून काही दिसत नव्हते. शिंप्याने दहादा माफी मागितली. पण मला आत कट्कन काहीतरी तुटल्याचे जाणवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बाजूवर लिंबाएवढा फुगा आला होता.

बाई तडक साखरशेठकडे निघाल्या, पण त्याचे दुकान त्या दिवशी बंद होते. म्हणून त्या पुढच्या गल्लीतल्या एका लहान दुकानात गेल्या. त्या दुकानदाराला गल्लीतले लोक घुम्या म्हणत. दिवसाकाठी तो मोजून चार वाक्ये बोले, त्यातली दोन पान्याशी. खुर्ची नाही, पंखा नाही. तो गुडघ्यांवर बसला, अंगठ्याने माझा फुगा दाबून पाहिला आणि उभा राहिला.

“टायर बदला.”

“हवा जाते का?” बाईंनी विचारले.

“नाही.”

“मग दुरुस्त होईल ना?”

“नाही. नवा घ्या. उजवाही बदला, जोडीनं.”

बाई एकदम सावध झाल्या. ज्या टायरची हवाही जात नाही तो बदला, आणि ज्याला काही झाले नाही तोही बदला! त्यांनी किंमत विचारली. ती ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटले, आपण एकटी बाईमाणूस आहोत हे पाहून हा आपल्याला लुबाडायला बघतो आहे. ‘आतले धागे तुटले आहेत, तो फुगा म्हणजे नुसते रबर ताणून उभे आहे’ एवढे एक वाक्य घुम्याने बोलायला हवे होते. ते त्याच्या ओठांवर आलेले मला दिसले. पण बाईंच्या कपाळावरची आठी पाहून त्याने ते गिळले आणि पान्याकडे वळला. तपासल्याचे पैसेही त्याने मागितले नाहीत. बाईंना त्याचाही संशयच आला.

दोघांचेही बोलणे तिथेच संपले. पण मला माझ्याच पोटात काय चालले आहे ते कळत होते आणि सांगता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी साखरशेठने सगळे ऐकून घेतले, मान हलवली, जिभेने चुकचुकला.

“दोन टायर बदला म्हणाला? अहो, तो तसाच आहे. गिऱ्हाईक दिसलं की दोन. तुमचा टायर कालपरवाचा आहे.”

“मग चालेल ना?” बाईंनी विचारले. त्यांच्या आवाजात इतकी आशा होती, की दुसरे उत्तर द्यायला दगडाचे काळीज हवे होते.

“मी आहे ना. आतून दुरुस्त करून देतो. सहा महिने बघायला नको.”

पुन्हा तीच पडद्याआडची खोली. मित्रांनो, त्याने माझ्यावर काहीही दुरुस्ती केली नाही. त्याने मला रिमवरून उतरवले, उलटे केले आणि पुन्हा चढवले. जी बाजू बाहेर होती ती आत गेली. फुगा आता गाडीच्या पोटाकडे, अंधारात. बाहेरची बाजू स्वच्छ, सपाट. वरून त्याने काळे पॉलिश फासले. बाई बाहेर येऊन वाकून पाहतात तो फुगा गायब. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आनंदाने पैसे दिले. ते नव्या टायरपेक्षा पुष्कळच कमी होते, म्हणून त्यांना ते स्वस्त वाटले. खरे म्हणजे मला उलटे करण्याचे ते पैसे होते.

तेव्हापासून माझी झोप उडाली. गाडी उभी असली तरी आतली हवा त्या एका जागी ढुसण्या देत राही. गाडी धावू लागली की प्रत्येक फेऱ्याला तिथले रबर थोडे ताणले जाई, थोडे सैल पडे. उन्हाने रस्ता तापला की मी जीव मुठीत धरून धावे. शेजारचा उजवा टायर मला धीर देई. पण त्याच्याही आवाजात कंप असे, कारण आम्ही दोघे एकाच दांड्याला बांधलेले. बाईंनाही स्टिअरिंग थरथरल्यासारखे वाटले. त्यांनी साखरशेठला दाखवले. त्याने चाकाचा तोल साधायला, म्हणजे बॅलन्सिंग करायला हवे असे सांगून रिमला शिशाचे दोन तुकडे ठोकले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले.

त्याच सुमारास काकू शिकायला आल्या. साठीच्या, ठेंगण्या, पाठीला उशी लावून बसणाऱ्या. उभ्या आयुष्यात त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. गाडी नेहमी काका चालवत. पण काकांची नजर मंदावत मंदावत आता जवळजवळ गेली होती. दवाखाना, बाजार, लांब राहणारी लेक, सगळे अडू लागले. मुले म्हणाली, आई, आता या वयात कशाला? म्हणून तर काकू दुसऱ्याच दिवशी येऊन हजर झाल्या.

काकांना घरी एकटे ठेवता येत नसे, म्हणून तेही मागच्या सीटवर बसून येत. पहिले दोन दिवस त्यांनी मागून इतक्या सूचना केल्या, की काकूंनी भर चौकात गाडी बंद पाडली. तेव्हा काकूंनी मागे न वळता बजावले, ‘मागे बसायचं असेल तर तोंडातून शब्द काढायचा नाही.’ काकांनी ते मान्य केले. तेव्हापासून ते हाताची घडी घालून, तोंड मिटून, बाहेरचा आवाज ऐकत बसत. काकू मात्र भराभर शिकल्या. त्यांचा हात हळू होता पण स्थिर होता. मला त्यांनी एकदाही कडेवर घासले नाही. त्या चालवत असत तेवढा वेळ मला जरा बरे वाटे.

एका दुपारी बाईंनी ठरवले, की आज काकूंना गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर न्यायचे. वेग कसा घ्यायचा, लेन कशी सांभाळायची ते शिकवायचे. ऊन कडक होते. डांबर तापून मऊ झाले होते. रस्ता पुढे उताराचा होता आणि उताराच्या खाली एक बसथांबा होता. तिथे पत्र्याच्या सावलीत माणसे उभी होती.

“थोडा वेग वाढवा, काकू. छान चाललंय,” बाई म्हणाल्या.

वेग वाढला. माझ्या फुग्यावर हवा धडका मारू लागली. प्रत्येक फेऱ्याला ठप्, ठप्, ठप्. इंजिनाच्या आवाजात बाईंना ते ऐकू गेले नाही. काकूंचे सगळे लक्ष रस्त्यावर होते. मागे काकांनी मान एका बाजूला कलती केली. दिलेला शब्द ते पाळत होते. मग त्यांना राहवले नाही.

“मला बोलायचं नाही हे ठाऊक आहे,” ते म्हणाले, “पण गाडी लंगडतेय.”

बाईंनी हसून सांगितले, की रस्त्यावर ठिगळे आहेत, त्याचा आवाज येतो. टायर नुकताच दुरुस्त करून घेतला आहे, काळजी नको.

“ठिगळांचा आवाज असा तालात येत नाही. पुढून येतोय, डावीकडून. वेग वाढला की तोही वाढतो.”

“रस्ता मोकळा आहे, काकू. चालू द्या,” बाई म्हणाल्या.

काकूंनी आरशातून मागे पाहिले. चाळीस वर्षे त्या या माणसाच्या शेजारी बसून फिरल्या होत्या. त्याच्या सूचनांना त्या वैतागल्या होत्या, पण त्याचा कान त्यांना माहीत होता. त्यांनी बाईंकडे पाहिले नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि डावीकडचा इशारा दिला.

“मी थांबवते,” एवढेच त्या म्हणाल्या.

वेग उतरू लागला. मी मनात म्हणत होतो, अजून थोडे, अजून थोडे. धाग्यांचे उरलेले पदर एकेक करून तुटत होते. शेवटचे काही तुटले आणि मी फुटलो.

तो आवाज मी विसरू शकत नाही. माझ्या आयुष्यात माणसांना ऐकू जाईल असे मी पहिल्यांदाच बोललो, आणि तेही इतक्या मोठ्याने. गाडी एकदम डावीकडे ओढली गेली. डावीकडेच तो बसथांबा होता. माणसे मागे सरकली, कुणाची तरी पिशवी खाली पडली. बाईंनी हात पुढे केला, पण त्याआधीच काकूंनी दोन्ही मुठींनी स्टिअरिंग घट्ट धरले होते. बाईंनीच त्यांना शिकवले होते, की टायर गेला तर ब्रेकवर उभे राहायचे नाही, गाडी सरळ धरायची आणि वेग आपोआप मरू द्यायचा. त्यांनी अगदी तसेच केले. रिम रस्त्यावर घासत, ठिणग्या उडवत गाडी बसथांब्याच्या खांबापासून हातभर अंतरावर थांबली.

कुणालाही खरचटलेसुद्धा नाही. मग काका म्हणाले, “आता बोललो तर चालेल?” आणि काकू हसता हसता रडू लागल्या. वेग जरा जास्त असता, किंवा काकूंनी बाईंचे ऐकून गाडी तशीच दामटली असती, तर काय झाले असते हे बाईंना त्या खांबाकडे बघून कळत होते.

बाईंनी जॅक लावून मला स्वतः उतरवले. माझी आतली बाजू उन्हात आली तेव्हा त्या तशाच खाली बसल्या. फाटलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना फुग्याचे ताणलेले रबर लोंबत होते. हा तोच फुगा होता, जो त्यांना गायब झाला असे वाटले होते. बराच वेळ त्या त्याच्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी स्टेपनी चढवली, काका-काकूंना घरी सोडले आणि मला डिकीत टाकून घुम्याच्या गल्लीत आल्या.

त्यांनी मला त्याच्यासमोर जमिनीवर ठेवले. घुम्याने माझ्याकडे पाहिले, मग बाईंकडे.

“कुणाला लागलं?” त्याने विचारले.

“नाही.”

त्याने श्वास सोडला आणि कोपऱ्यातला लोखंडी डबा पालथा करून बाईंना बसायला दिला. मग कात्रीसारख्या एका मोठ्या हत्याराने त्याने मला चिरले. मित्रांनो, मला मुळीच दुखले नाही. उलट एवढे दिवस कोंडलेले सगळे मोकळे झाल्यासारखे वाटले. त्याने माझ्या आतल्या भिंती उघडून बाईंना तुटलेले धागे दाखवले. पिंजलेल्या दोरासारखे ते बाहेर आले होते. बाई बघत राहिल्या. पंक्चरच्या तीन जागाही त्यांना दिसल्या. एक भोक तिरके होते आणि कडेला गंज होता. बाकीची दोन सरळ, स्वच्छ, एकाच मापाची.

“खिळ्याला इतकं सरळ जाता येत नाही,” घुम्या म्हणाला.

बाईंना काय ते कळले. त्या म्हणाल्या, “हे सगळं तुम्ही मला त्या दिवशी का नाही दाखवलंत?”

घुम्याने पाना उचलला, पुन्हा खाली ठेवला. “नवा घ्या म्हटलं की लोकांना वाटतं, हा विकायला बसलाय. ते तसं बघायला लागले की मला पुढं बोलवत नाही.”

“तुम्ही खरं बोललात. पण अर्धंच बोलून गप्प बसलात,” बाई म्हणाल्या. “आणि मी विचारायला लाजले. आपल्या दोघांच्या गप्प बसण्यात माणसं गेली असती.”

घुम्याने मान खाली घातली. त्या दिवशी बाईंनी त्याच्याकडून दोन टायर घेतले. पण आता त्या लाजल्या नाहीत. दोनच का, एक का नाही, हाच टायर का, जुन्याचे काय होईल, सगळे विचारले. घुम्याने प्रत्येक गोष्टीचे उत्तर दिले. घाम पुसत, अडखळत, पण दिले. माझा उजवा शेजारीही तेव्हा गाडीवरून उतरला. त्याची नक्षी खरोखरच संपत आली होती.

बाई माझा एक तुकडा घेऊन साखरशेठच्या दुकानातही गेल्या. मी दोन ठिकाणी विभागलेला, म्हणून तिथले बोलणेही मी ऐकले. दुकानात गर्दी होती. बाईंनी तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला. साखरशेठचे हसू क्षणभर विझले, मग परत लागले. त्याने बाईंना बाजूला घेतले. रस्तेच खराब आहेत म्हणाला, नवा टायर फुकट देतो म्हणाला. बाईंनी नको म्हटल्यावर त्याने आवाज खाली आणला.

“बाई, तुम्हाला नवा नको होता. तुम्हाला जे ऐकायचं होतं तेच मी बोललो.”

हे वाक्य बाईंना लागले, कारण ते अगदीच खोटे नव्हते. पण ती दोन सरळ भोके पाडायला त्याला कोणी सांगितले नव्हते. त्यांनी गर्दीतल्या लोकांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, की टायर पडद्याआड नेऊ देऊ नका, आपल्या डोळ्यांसमोर काढून घ्या. काही लोकांनी ऐकले. काहींनी मोबाइलमधून मानही वर केली नाही. बाईंनी पुढे तक्रारही केली आहे. तिचे अजून काही झालेले नाही.

मी आता घुम्याच्या दुकानाच्या दाराशी एका आकड्याला टांगलेला असतो, अर्धा चिरलेला. भिंतीवर त्याने ठळक अक्षरांत सगळ्या कामांचे दर रंगवले आहेत, म्हणजे काम झाल्यावर अचानक किंमत ऐकायची पाळी कोणावर येत नाही. कोणी संशयाने पाहू लागले, की तो पूर्वीसारखा वळून जात नाही. तो गिऱ्हाइकाला माझ्यापाशी आणतो आणि म्हणतो, ‘हात घाला आत.’ लोक हात घालतात, तुटलेले धागे चाचपतात आणि मग विचारू लागतात. विचारल्यावर काहींना कळते, की त्यांचा टायर अजून पुष्कळ चालेल. तेही घुम्या सांगतो आणि त्यांना तसेच परत पाठवतो. बाई दर महिन्याला नव्या शिकाऊंना घेऊन येतात. स्टिअरिंगला हात लावण्याआधी त्यांना मला हात लावावा लागतो. काकूंना परवाना मिळाला. त्या काकांना घेऊन लेकीकडे गेल्या, तेव्हा वाटेत इथे हवा तपासून गेल्या. काका पूर्ण वेळ बोलत होते.

तुम्ही म्हणाल, मग आता तुला कसली काळजी? मित्रांनो, काही टायरवाले प्रामाणिक असतात, काही नसतात, आणि दोघांचेही हात सारखेच काळे असतात. गोड बोलण्यावरून किंवा कमी पैशांवरून ते ओळखता येत नाहीत. आणि साखरशेठच्या दुकानात अजून गर्दी असते. त्याच्याकडून निघालेल्या गाड्या याच रस्त्याने जातात. काल संध्याकाळी एक निळी गाडी गेली. मागच्या काचेतून दोन मुले हात हलवत होती. टायर पॉलिश लावून चकचकीत केलेले होते. बाहेरची बाजू मला नीट दिसली. आतली दिसली नाही. ती गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी आकड्यावर हलत राहिलो.

त्या गाडीत कदाचित तुम्हीच असाल. तसे असेल, तर पुढच्या थांब्यावर खाली उतरा, वाका आणि चाकांच्या मागे डोकावून बघा. आणि काही दिसले, तर मोठ्यांनी गप्प बसायला सांगितले तरी गप्प बसू नका.